काटा वर येईपर्यंत

तिला सगळे थांबाताई म्हणत, आणि तोंडावर म्हणत. तिला त्याचा राग यायचा नाही. राग तिच्या नाकाच्या शेंड्यावर कायम मुक्कामाला असे, पण असल्या फुटकळ गोष्टींवर ती तो खर्च करत नसे.

डायलिसिसच्या रुग्णांना सकाळी घरून उचलायचं, रुग्णालयात पोचवायचं आणि दुपारी परत सोडायचं, हे तिचं काम. एकोणीस वर्षं झाली. हाताखाली उंच टपाची डिझेल व्हॅन. थंडीच्या दिवसांत काचा पांढऱ्या झालेल्या असताना ती आधी गाडीभोवती एक चक्कर मारी, वाकून खाली तेल ठिबकलंय का बघे, मग आत बसून किल्ली अर्धीच फिरवी. समोर पिवळा दिवा लागे, म्हणजे इंजिन आतून पेट घेण्याजोगं तापतंय. तो विझेपर्यंत प्रत्यक्ष मंत्री आला तरी ही बाई पुढची किल्ली फिरवायची नाही. गाडी सुरू झाली की ॲक्सिलरेटरला पाय लावायचा नाही. पट्टा बांधायचा, आरसा पुसायचा, मफलर नीट करायचा. एवढ्यात मिनिटभर होई. मग निघायचं, पण दमानं. तापमानाचा काटा वर येईपर्यंत, म्हणजे पहिले तीनेक किलोमीटर, गाडीला पळवायचं नाही की इंजिनाचा आवाज चढू द्यायचा नाही.

"एवढं काय लाडावतेस तिला?" कुणी विचारलंच तर ती म्हणे, "थंडीत डोक्याच्या तेलाची बाटली उलटी करून बघ. येतं का झटकन बाहेर? इंजिनातल्या तेलाचं तेच आहे. ते सगळीकडे पोचू दे, मग पळव हवी तेवढी."

बाकीच्यांना हे पटे, असं नाही. मिशांना पीळ देणारा एक ड्रायव्हर होता, त्याला सगळे फौजदार म्हणत. तो गाडी जागेवर उभी करून दहा मिनिटं ॲक्सिलरेटर दाबत बसे. आवार धुरानं भरून जाई. "इंजिन तापवतोय," असं तो अशा थाटात सांगे, जणू कारखाना यानंच काढलाय. मग तो फाटकातून जो सुटे, तो सुटेच.

नवे साहेब आले ते पेटी घेऊन. काळी, तळहाताएवढी, प्रत्येक गाडीत एक. गाडी सुरू करून दहा सेकंदांच्या वर उभी राहिली की पेटी ओरडे. रिकाम्या रस्त्यावर गाडी हळू चालली की ओरडे. आणि साहेबांच्या खोलीतल्या पडद्यावर त्या गाडीच्या नावापुढे लाल खूण उमटे. तीन लाल खुणा झाल्या की ड्रायव्हरला गाडीवरून काढून फोनच्या टेबलावर बसवायचं, असा नियम साहेबांनी स्वतः टाइप करून भिंतीवर चिकटवला. फौजदाराला त्याचा त्रास झाला नाही. त्यानं धूर काढणं सोडलं आणि गार गाडीच सुसाट काढायला सुरुवात केली. पेटी खूश, साहेब खूश.

दोन दिवसांत थांबाताईच्या दोन खुणा झाल्या. साहेबांनी बोलावलं.

"ताई, तुमची गाडी फार रेंगाळते."

"एकोणीस वर्षांत एक रुग्ण उशिरा पोचला असेल तर नाव सांगा."

साहेबांनी कागद चाळले. नाव सापडलं नाही. "उशिराचा प्रश्न नाहीये. पेटी लाल दाखवते."

"मी घरून दहा मिनिटं आधी येते. तो वेळ माझा. गाडीला देते. कुणाचं काय गेलं?"

"वेळ तुमचा असेल, गाडी संस्थेची आहे," साहेब म्हणाले आणि एक कागद पुढे सरकवला. "यापुढे नियमाप्रमाणे चालवेन, एवढंच लिहिलंय. सही करा, दोन्ही खुणा पुसून टाकतो."

तिनं कागद वाचला, उलटा करून ठेवला. "साहेब, तुम्ही कधी गार इंजिन उघडून बघितलंय?"

"त्याची गरज नाही."

"मग सहीचीही नाही."

घरी नवऱ्याला हे कळल्यावर तो कपाळाला हात लावून बसला. तो शिंपी, दिवसभर मान खाली घालून काम करणारा माणूस. "अगं, सही करायची आणि नंतर आपल्याला हवं तसं चालवायचं. जगात असंच चालतं."

"पेटी बोलते ना! आणि खोटी सही कशाला करू? चोरी केलीय का मी?"

"सुंभ जळेल, पण पीळ जायचा नाही तुझा," तो म्हणाला. ती हसली नाही. गाडी हातातून गेली तर आपलं काय होईल, याचा विचार तिनं रात्रभर केला, आणि सकाळी पट्टा बांधून, आरसा पुसून, मफलर नीट करून मगच निघाली. पेटीनं गळा काढला. तिसरी खूण पडली.

सोमवारी ती फोनच्या टेबलावर होती. एक टेबल, एक खुर्ची, एक फोन आणि मागे भिंतीवर किल्ल्यांच्या खुंट्या. खिडकीतून आवार दिसे, पण आवारातली तिची गाडी आता फौजदाराकडे दिली होती. तिला रडू येत होतं आणि त्याचा तिला संताप येत होता.

"ताई, किल्ली," फौजदार मिशीत हसत म्हणाला.

"पिवळा दिवा विझू दे. मिनिटभर उभी ठेव. मग काटा वर येईपर्यंत हळू ने."

"हो हो," म्हणाला आणि गेला.

दोन मिनिटांत आवारातून किंचाळी आली. माणसाची नव्हे, इंजिनाची. फौजदारानं दिव्याची वाट न बघता गाडी कशीबशी सुरू केली होती आणि ती बंद पडू नये म्हणून पाय तळापर्यंत दाबला होता. थांबाताई टेबलावरून उठली ती शालही न घेता धावली. दार उघडलं, हात घालून किल्ली फिरवली आणि उपसून काढली. बाकीचे सहा ड्रायव्हर जमले.

"अहो ताई, डोकं फिरलं काय तुमचं?"

"माझंही असंच फिरलं होतं," ती म्हणाली. "तेवीस वर्षांची होते. बाबा छातीच्या दुखण्यानं पडलेले, त्यांची टॅक्सी मी चालवत होते. थंडीत रोज ती जागेवर उभी करून ॲक्सिलरेटर असाच दाबायचे. सगळी गल्ली बघायची. मला वाटायचं, किती जपतेय मी गाडीला! दोन हिवाळ्यांत इंजिन खाऊन टाकलं मी. बाबा बरे होऊन गाडीत बसले. किल्ली फिरवली, आवाज ऐकला आणि किल्ली काढून खिशात टाकली. मला एक शब्द बोलले नाहीत. दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं. ते पुन्हा कधी गाडी चालवायला बसले नाहीत."

तिनं हे एकोणीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्याला सोडून. फौजदार मान खाली घालून बसला होता. त्यानं हात पुढे केला. "द्या. दिवा विझेपर्यंत थांबतो."

तो थांबला. सुरू केलेली गाडी मिनिटभर उभी ठेवली. पेटी ओरडत असताना हळूहळू फाटकाबाहेर गेला. त्याच्यामागे दुसरा गेला, तोही हळू. मग तिसरा. सातही गाड्या त्या सकाळी वरातीच्या चालीनं बाहेर पडल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून सगळेच ड्रायव्हर दहा मिनिटं आधी यायला लागले, म्हणून एकही रुग्ण उशिरा पोचला नाही.

बुधवारी साहेबांच्या पडद्यावर सातही नावांपुढे तीन-तीन लाल खुणा होत्या.

सकाळच्या फेऱ्या संपल्यावर सातही जण ओळीनं फोनच्या खोलीत आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. थांबाताई एकुलत्या एक खुर्चीवर बसली होती. साहेब तणतणत आले.

"इथे काय करताय सगळे?"

"टेबलावर बसायला आलोय," फौजदार म्हणाला. "नियम आहे ना? तीन खुणा झाल्या आमच्या."

"अरे, मग दुपारी रुग्णांना घरी कोण सोडणार?"

"पेटीला विचारा," मागून कुणीतरी म्हणालं. एक-दोघे खुसखुसले.

साहेबांनी खुर्चीकडे बघितलं, सात माणसांकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. मग त्यांचा आवाज खाली आला. "ताई, तुम्हाला नेमकी किती मिनिटं हवीत, ते तरी सांगा. तेवढी पेटीत घालतो."

"मला एकही नको. इंजिनाला हवीत. काटा बघायचा आणि तो सांगेल तेवढी द्यायची."

"हे पेटीत कसं घालू मी?"

"पेटीत नाही जात ते," ती म्हणाली. "ड्रायव्हरच्या डोक्यात जातं."

ती उठली. तिनं मागच्या खुंटीवरून आपल्या गाडीची किल्ली काढली आणि फोन वाजत होता तो साहेबांसाठी तसाच ठेवून बाहेर पडली.