ब्रेक अ लेग

"ब्रेक अ लेग," सर म्हणाले आणि माझ्या हातात माईक दिला.

अमरावतीच्या राजापेठेतला इंग्रजी बोलायला शिकवणारा क्लास. खाली मोबाईलची दुकानं, वर आम्ही. माझा पहिलाच आठवडा होता. स्वतःची ओळख इंग्रजीत करून द्यायची होती, ती मी रात्रभर पाठ केली होती. पण हे वाक्य त्यात नव्हतं. ब्रेक म्हणजे मोडणं. लेग म्हणजे पाय. एवढं मला कळलं.

माझ्या तोंडून निघालं, "माहा पाय काहून मोडाले पायजे, सर?"

सगळा वर्ग हसला. कुणीतरी मागून माझी नक्कल केली, "माहा पाय, माहा पाय." सर टेबलाला धरून हसत होते. हसू आवरल्यावर म्हणाले, "मागे ऐकू नाही आलं. परत सांग, माईकवर."

मी परत सांगितलं. सरांनी सांगितलं म्हणून सांगितलं. ते आजही सलतं.

मग त्यांनी अर्थ सांगितला. रंगमंचावर जाणाऱ्याला इंग्रज लोक शुभेच्छा म्हणून असं म्हणतात. तुझं चांगलं होवो, इतकाच अर्थ. "शब्दाला शब्द लावायचा नसतो," सर म्हणाले. "पण गावाकडून आलं की असंच होतं."

माझे बाबा वरूडला संत्र्याचे ट्रक भरायचे. एका हंगामात भरल्या ट्रकवरून क्रेटसकट खाली आले. पाय वाकडाच जुळला. तेव्हापासून ते घरी. माय भाजी पिकवते आणि बाजारात बसते. तिनंच मला अमरावतीला पाठवलं. "तुले इंग्रजी आली पायजे," ती म्हणाली होती, "मंग कोनी तुले दारात उभं नाई ठेवनार."

क्लासमध्ये हे कुणाला माहीत नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

त्या दिवशी मागच्या बाकावर एक फोन चालू होता. दोन दिवसांनी क्लासच्या इन्स्टाग्राम पानावर रील आलं. माझा चेहरा, माझा आवाज, वरून हसण्याचा आवाज जोडलेला. खाली लिहिलं होतं: तुमचंही असंच होतं का? आजच प्रवेश घ्या.

ते गावात पोचलं. रविवारी घरी गेले तर बाबांनी आधीच पाहिलेलं. पारावर कुणीतरी दाखवलं होतं. बाबा म्हणाले, "तू बराबरच इचारलं." आणि पायावर चादर ओढून घेतली.

मी सरांना रील काढून टाकायला सांगितलं. ते रागावले नाहीत. समजावल्यासारखं बोलले. "अगं, गंमत आहे ती. एवढं मनाला लावून घेतलंस तर कसं होणार? आणि आधी ते मले-तुले सोड. जिभेवरची माती गेल्याशिवाय इंग्रजी बसत नाही."

रील राहिलं. मीही राहिले. मले सोडलं, मला म्हणू लागले. मायचा फोन आला की जिन्यात जाऊन हळू बोलायचे. एकदा ती म्हणाली, "तू माह्यासंगच बोलून रायली ना? का बाजूले कोनी हाये?"

मी फोन ठेवला आणि वर्गात गेले.

नवी बॅच सुरू झाली, आम्हा जुन्यांसोबतच बसवलेली. तिच्यात अचलपूरची एक पोरगी होती. रोज एसटीनं यायची, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसायची. एके दिवशी तिची ओळख करून द्यायची पाळी आली. सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "आज माईक तू दे तिला. तेच वाक्य म्हण." मग मागच्या बाकाकडे पाहून म्हणाले, "फोन तयार ठेव रे."

तेव्हा मला कळलं. माझ्या वेळी ते वाक्य सहज आलं नव्हतं. फोन सहज चालू नव्हता. त्यांना प्रत्येक बॅचमध्ये गावाकडची एक पोरगी लागत होती. आधी ती मी होते. आता मी हसणाऱ्यांकडची झाले होते, आणि ही माझी बढती होती.

माईक माझ्या हातात होता. पोरगी समोर उभी होती. मी बोलले.

"आयक बाई, आता तुले ब्रेक अ लेग म्हननार हायेत. त्याचा अर्थ तुया पाय मोडो असा नाई. तुयं चांगलं होवो असा हाये. तुले समजलं नाई तं हसाले हे सारे बसले हायेत. तो मांगचा फोन बी त्याच्याचसाठी हाये."

कुणी हसलं नाही. सरांनी माईक काढून घेतला. "बाहेर हो," ते म्हणाले.

"काहून?"

"शिस्त म्हणून."

मी बॅग उचलली. माझ्यामागं कुणी उठलं नाही. अचलपूरची पोरगी खाली पाहत होती. ती अजून त्याच क्लासला जाते. बस स्टँडवर दिसली तर मान फिरवते. मला तिचा राग येत नाही. तिलाही कुणीतरी पोटाला चिमटा काढून पाठवलं असेल.

पुढे मी अकोल्याला आले. बी.एड. केलं, विषय इंग्रजी. मागच्या महिन्यात एका शाळेत मुलाखतीला गेले होते. समोरच्या बाईंनी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि शेजारच्यांना हसत म्हणाल्या, "या त्या रीलमधल्या. माहा पाय." तिघंही हसले. मी म्हटलं, "हो, मीच." ती नोकरी मिळाली नाही.

रील अजून आहे. मी आता ते काढा म्हणून कुणाच्या दारात जाणार नाही. पुढच्या मुलाखतीत, कुणी ओळखायच्या आत, मीच सांगणार आहे की ती पोरगी मी आहे. इंग्रजी मी सोडणार नाही. ती त्या सरांच्या बापाची नाही. आणि मायशी बोलताना जिन्यात जाणार नाही, चारचौघांत मोठ्यानं बोलेन, मले म्हणेन.

कुठल्या तरी शाळेत मी शिकवायला उभी राहीनच. त्या वर्गात एखाद्याला शब्द कळला नाही तर तो जागेवरच राहील आणि विचारेल. त्याच्यावर हसणारा वर्गाबाहेर जाईल. मग तो कुणाचाही पोरगा असो.