भंगाळे काकांची सहावी रायफल

भंगाळे काका मला पहिल्यांदा भेटले ते आमच्या मराठी मंडळाच्या पॉटलक जेवणात, मसालेभाताच्या रांगेत. मी मैत्रिणीजवळ कुरकुर करत होते की नेमबाजीच्या क्लबातल्या रायफली सारख्या अडकतात, शनिवारचा अख्खा क्लास त्यातच जातो. मागून एक थरथरता हात पुढे आला आणि आवाज आला, "पुंगळी आहे का?" मी वळून पाहिलं. मफलर, टोपी, जाड भिंगाचा चष्मा, सत्तरीच्या पुढचा माणूस. नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट रिकामं काडतूस मागतोय! योगायोगाने जॅकेटच्या खिशात एक सापडलं. त्यांनी प्लेट माझ्या हातात दिली, पुंगळी दिव्याखाली धरली आणि तिच्या मागच्या कडेवरचा बारीक ओरखडा मला दाखवला. "आकडा घसरतोय. पुंगळी धरतो आणि मधेच सोडतो. साफ केव्हा केला होता?"

मी म्हटलं, "आकडा म्हणजे?"

"म्हणजे केलेलाच नाही," ते म्हणाले आणि प्लेट परत घेऊन भात वाढायला गेले.

काका मूळचे जळगावकडचे. एका दारूगोळ्याच्या कारखान्यात टूलरूममध्ये फिटर म्हणून त्यांचा जन्म गेला. काकू गेल्यावर मुलाने, नितीनने, त्यांना इकडे लंडनला आणलं. आमचं लंडन कॅनडातल्या ओंटारिओतलं, राणीबिणीचं नव्हे. नितीन स्वभावाने चांगला, पण वडिलांना काचेच्या बरणीसारखं जपायचा. हाताला कंप सुटल्यापासून तर चहाही करू देत नव्हता. "बाबा, तुम्ही आता फक्त आराम करा." त्यावर काकांचं ठरलेलं उत्तर, "आराम मेल्यावर भरपूर आहे."

आता माझं सांगते. मी नागपूरची, दिवसभर सॉफ्टवेअर लिहिते आणि शनिवारी सकाळी गावाबाहेरच्या रेंजवर नवख्यांना नेमबाजी शिकवते. बाईमाणसाला कशाला हवी बंदूक, असं आमच्याच लोकांनी मला शंभरदा विचारलंय. विचारू देत. माझ्या क्लासला नर्सेस येतात, कॉलेजच्या मुली येतात, एक साठीची आजी येते. क्लबाकडे सहा जुन्या मोठ्या रायफली होत्या. त्यांचा धक्का नवख्या खांद्याला सोसत नाही, म्हणून त्यांच्यात पॉइंट बावीसचे कन्व्हर्जन किट बसवलेले. रायफल मोठी, पण काडतूस चिमुकलं. कल्पना छान, पण किट मेले सदान् कदा अडायचे. कधी मॅगझिनमधून काडतूस वर यायचं नाही, कधी रिकामी पुंगळी बाहेर न पडता बाजूच्या खिडकीच्या तोंडातच उभी राहायची.

क्लबाचा सेफ्टी बघणारा गॉर्डन एक दिवस माझ्याजवळ आला आणि शांतपणे म्हणाला, "रायफल जॅम झाली की नवखा माणूस काय करतो माहितीये? रायफल हातात घेऊन मदतीसाठी मागे वळतो. मी हे दोनदा पाहिलंय." त्याचं खरं होतं, म्हणून मला जास्तच राग आला. कमिटीने ठरवलं, फेब्रुवारीच्या शेवटी चाचणी. प्रत्येक रायफलीतून दहा गोळ्यांचं मॅगझिन पाचदा भरून झाडायचं, एकदाही अडता कामा नये. सहाच्या सहा पास, नाहीतर क्लास बंद. एकदा बंद झालेला क्लास इथे पुन्हा सुरू होत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मी काकांना क्लबात घेऊन आले. लायसन्स माझ्याकडे, त्यांच्याकडे नाही, तेव्हा रायफलीला हात लावायचा तो माझ्या देखरेखीखाली. हे ऐकून ते मनापासून हसले. "म्हणजे तू माझी साहेब. बरं. साहेब, खुर्ची आण." कमिटीतला एक जण त्यांच्या हाताकडे बघून हळूच काहीतरी पुटपुटला. काकांना इंग्रजी बोलायला नको असे, पण कळायचं सगळं. ते मराठीतच मोठ्याने म्हणाले, "त्याला सांग, थरथरतोय तो हात. डोळा जागेवर आहे." मी शब्दन् शब्द सांगितला. मजा आली सांगायला.

पहिलं मॅगझिन उघडलं आणि काकांनी ते नाकाशी नेलं. "ह्यात काय घातलंयस?" मी अभिमानाने सांगितलं, शिवणयंत्राचं तेल. आमच्या घरी काहीही अडलं की तोच उपाय, दाराची बिजागरी असो की सायकल. आईने येताना बॅगेत बाटली घालून दिली होती. काकांनी बोट आत फिरवून काळा चिखल बाहेर काढला. "मॅगझिन आहे की लोणच्याची बरणी? अगं पोरी, ह्या काडतुसाच्या शिशावर मेण असतं. मेण, काजळी आणि तुझं तेल! वर ही अशी थंडी. आत लापशी झालीय लापशी. स्प्रिंग वर ढकलणार कशी?" त्या दिवशी आम्ही जुन्या टूथब्रशने बारा मॅगझिन्स धुतली आणि कोरडी केली.

दुसरी चूक निघाली ती क्लबाची. साफसफाई झाली की सगळी मॅगझिन्स एका बादलीत पडायची आणि हाताला येईल ते कुठल्याही रायफलीला लागायचं. काका हादरलेच. प्रत्येक मॅगझिनचे काडतूस धरून ठेवणारे ओठ निराळे झिजलेले, जे एकीला चालतं ते दुसरीला चालत नाही. त्यांनी काकूंच्या शिवणाच्या डब्यातले रंगीत दोरे आणले, प्रत्येक रायफलीला तिची दोन मॅगझिन्स लावून बघितली आणि एकेका रंगाचा दोरा बांधून टाकला. "आता ह्यांची लग्नं लागली. परत बादलीत दिसली तर मी घरी जाईन." काडतुसं भरायचीही त्यांनी पद्धत लावली. प्रत्येक काडतूस खालच्यापेक्षा किंचित पुढे बसलं पाहिजे. वरच्याची कड खालच्याच्या कडेमागे गेली की दोघंही अडून बसतात.

पण काकांची खरी करामत बर्फात होती. आम्ही झाडतो त्या शेडच्या उजव्या हाताला पुंगळ्या पडतात. गरम पुंगळी ताज्या बर्फात पडली की आत शिरते आणि मागे बारीकसं भोक ठेवते. कारखान्यात म्हणे ते जमिनीवर चादर अंथरून पुंगळ्या कुठे पडतात ते बघायचे. "इथे देवाने फुकट अंथरून ठेवलीय," असं म्हणत ते गुडघ्याएवढ्या बर्फात वाकून भोकं बघत बसायचे. सगळी भोकं एका जागी, तर पुंगळी ओढून काढणारा आकडाही ठीक आणि पुंगळी बाहेर फेकणारी पट्टीही ठीक. भोकं विखुरली, तर आज नाही तर उद्या अडणार. नितीन एकदा त्यांना न्यायला आला आणि बापाला उणे बारामध्ये ओणवा बघून माझ्यावर भडकला. मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "तिच्यावर ओरडू नकोस. सहा महिन्यांत पहिल्यांदा मला कोणीतरी काम सांगितलंय."

चाचणीचा दिवस उजाडला. काकांनी आयत्या वेळी अट घातली की मी किंवा गॉर्डनने नेम धरायचा नाही, क्लासच्या नवख्यांनीच भरायचं आणि नवख्यांनीच झाडायचं. मी डोक्याला हात लावला. काका ऐकतात होय! पहिली रायफल पास. दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी, सगळ्या पास. सहावीची पाच मॅगझिन्स झाली, पन्नास गोळ्या, एकदाही अडली नाही. शेडमध्ये टाळ्या सुरू झाल्या आणि गॉर्डनने सहीसाठी पेन काढलं.

काका मात्र सहावीसाठी राखलेल्या जागेवरच्या बर्फाकडे बघत होते. भोकं विखुरलेली होती, काही लांब, काही थेट शेडच्या पायाशी. "हिला फेल लिहायला सांग," ते मला म्हणाले. "आकडा झिजलाय. नवीन मिळेपर्यंत ही द्यायची नाही."

गॉर्डनने मला विचारलं, "काय म्हणतायत?"

आणि मी खोटं बोलले. "थँक यू म्हणतायत," मी म्हटलं. कबूल करते. सहाच्या सहा पास नाहीतर क्लास बंद, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

काकांनी माझ्याकडे एकदाच बघितलं. मग उठले, गॉर्डनच्या हातातून पेन घेतलं आणि रायफलीला लटकवलेल्या कार्डावर त्या थरथरत्या हाताने मोठी वेडीवाकडी इंग्रजी अक्षरं काढली. फेल. माझ्याकडे वळून म्हणाले, "पुढच्या शनिवारी ती आजी हातात धरेल ही. अडली की मागे वळेल. तेव्हा काय सांगशील, थँक यू?"

लाजेने मेल्यासारखं झालं मला. मी गॉर्डनला खरं ते सगळं सांगितलं, माझ्या खोट्यासकट. त्याने स्वतः मॅगझिन भरलं आणि झाडू लागला. तिसऱ्या मॅगझिनला पुंगळी तोंडात उभी राहिली. गॉर्डनने रायफल खाली केली, रिकामी केली आणि कपाटात कुलूपबंद करून आला. कमिटीशी पाच मिनिटं बोलला आणि मग मला म्हणाला, "जो माणूस स्वतःची रायफल स्वतः नापास करतो, त्याच्या बाकीच्या पाचांवर माझा विश्वास आहे. क्लास चालू ठेव." मी काकांना गाडीने घरी सोडलं. उतरताना एवढंच म्हणाले, "शनिवारी किती वाजता घ्यायला येशील?"

आकड्याची ऑर्डर आम्ही लगेच दिली, पण किट जुना, भाग मिळता मिळेना. तो उन्हाळा काकांनी क्लासमध्ये खुर्ची टाकून काढला. नवखी मुलगी आली की हात पुढे, "पुंगळी दाखव." ऑक्टोबरात, थँक्सगिव्हिंगच्या सुमारास एका दुपारी काका झोपेतच गेले. मी खूप रडले आणि तितकीच चिडले. एवढ्याशा आकड्यासाठी त्यांना थांबता आलं नाही म्हणून चिडले, असं नितीनला म्हटलं, तेव्हा तो रडता रडता हसला.

आकडा डिसेंबरात आला. मी तो काकांनी शिकवलं तसा बसवला, कोरडा, तेलाचा थेंब नाही. शनिवारी नितीन स्वतःहून आला, शेडच्या कडेला हात खिशात घालून उभा राहिला. आदल्या दिवशी बर्फ पडला होता, वर कोणाचं पाऊल नव्हतं. मी सहावीचं, निळ्या दोऱ्याचं मॅगझिन लावलं आणि दहा गोळ्या झाडल्या. रायफल रिकामी करून ठेवली आणि वाकून बघितलं. दहा भोकं, सगळी माझ्या पंजाखाली झाकली जातील एवढ्या जागेत. नितीन कितीतरी वेळ तिथेच वाकून होता.

गॉर्डनने कार्डाकडे हात नेला. तीच वेडीवाकडी अक्षरं अजून तिथे होती. "काढू का आता?" त्याने विचारलं.

"हात लावू नकोस," मी म्हटलं. "अजून चार मॅगझिन्स बाकी आहेत. आणि ती मी नाही झाडणार. आज नवीन कोण आलंय? तिला बोलव."