त्याच्याच अंगातलं होतं ते

मी नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर माल दाखवत उभा होतो, तेव्हा पुतण्याचा फोन आला. "आप्पा, घर या." एवढंच बोलला. मी समजलो... पथारी म्हणजे लाल मिरची वाळत घालायचं मोकळं मैदान. तिथे सगळ्यांच्याच डोळ्यांतून पाणी वाहतं, त्यामुळे माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. माझा धाकटा भाऊ छगन गेला, त्याला आता महिना झाला. माझी शाळा चौथीपर्यंत. पण त्याच्या आजाराबद्दल गावात जे बोललं गेलं, त्यावर मीच लिहायचं ठरवलं. दुसऱ्याकडून लिहून घेतलेलं नाही.

रनाळ्यात आमची शेती एकत्र, चूल एक. छगन बोलायला तिखट. मला म्हणायचा, "आप्पा, तू इतला हट्टी शे, म्हतारपणले बी तुन्हं भ्याव वाटस." गालात तंबाखू-चुना कायम. मागच्या हंगामात त्याच गालात पांढरा चट्टा आला. मिरचीच्या दिवसांत आमच्याकडे सगळ्यांच्याच तोंडाची आग होते, म्हणून त्याने तूप लावलं आणि कामाला लागला. हंगाम संपला, आमची तोंडं बरी झाली, त्याचा चट्टा तसाच राहिला. दुखत नव्हता, म्हणून साधाच असेल असं धरून चालला. मानेत गाठ आली तेव्हा सुरतेला नेला.

तिथल्या डॉक्टरांशी मी वाद घातला. ही कसली कीड, आली कुठून, ते मला हवं होतं. ते म्हणाले, कीड नाही, बाहेरचं काही नाही, त्याच्याच अंगातलं आहे. माझ्या अंगठ्यावर विळ्याचा वण आहे, त्यावर बोट ठेवून त्यांनी समजावलं. "काका, इथे कापलं तेव्हा नव्या पेशी तयार झाल्या, जखम भरली आणि त्या थांबल्या. चांगल्या पेशीला कुठे थांबायचं ते कळतं. जुनी झाली की ती मरते, जागा सोडते. याच्या गालातल्या पेशी थांबत नाहीत, मरायच्या वेळी मरत नाहीत. नेमून दिलेलं काम करत नाहीत, नुसत्या वाढतात. रक्त स्वतःकडे ओढतात आणि आपली जागा सोडून मानेत शिरतात." मला माजलेली मिरची आठवली. पाला कमरेइतका, फूल एक नाही. म्हटलं, तिचं पाणी तोडतात, तसं याचं खाणं तोडायचं का? ते म्हणाले, मुळीच नाही, उपाशी हा खंगेल, गाठ आपला वाटा घेतच राहील. मला हे आजही पचलेलं नाही. आपल्याच मांसाने एवढी बेइमानी करावी...

परतताना छगन म्हणाला, "दुश्मन बाहेरना ऱ्हाता ते काठी लिसन उभा ऱ्हातू. आते कोणले मारू?"

ऑपरेशन झालं, मशिनीवर किरणांचे शेक झाले, गाठ पुन्हा आली. आणि गावात सुरू झालं, लागट रोग आहे म्हणून. घरात नातवंडं, म्हणून छगनच्याच सुनेने त्याचा पेला वेगळा केला. तोंडावर कोणी बोललं नाही. एक दिवस छगन आपलं ताट उचलून गोठ्यात जाऊन बसला. मी मागे गेलो.

"आठे काय करी ऱ्हायना?"

"जेवी ऱ्हायनू. घरमा पोरे शेतस. तू जाय."

"ते तुन्हाच आंगमातलं शे. दुसराले लागत नही. डॉक्टरनी सांगं ना."

"डॉक्टरले काय जास? तो सुरतले ऱ्हास."

"सरक," म्हटलं, आणि त्याच्याच ताटात हात घातला.

त्यानंतर आम्ही गोठ्यातच जेवलो, एका ताटात. त्याचं तोंड आता बोटभरच उघडायचं. मी दुधात भाकर कुस्करायचो, तो म्हणायचा, "वासरूले चारस का?" घरात मी सगळ्यांना सांगून पाहिलं, ओरडूनही पाहिलं. ऐकून घ्यायचे, पण गोठ्यात कोणी आलं नाही. सुनेला मी वाईट म्हणत नाही. लेकरांची भीती तिला होती, आणि भीतीपुढे माझी चौथी कुठे पुरणार. पण छगनला गाठीपेक्षा ते जास्त लागलं, हे मी पाहिलं आहे.

गंधमुक्तीच्या दिवशी, सुतक फिटलं तेव्हा, त्याच्या अंथरुणासोबत ते ताटही टाकायला काढलेलं होतं. मी ते घेतलं आणि ओसरीवर सगळ्यांसमोर त्यातच जेवायला लागलो. घासायचोही मीच, हौदावर. रोज सगळे माझ्याकडे बघायचे, याला आता काय होतंय म्हणून. मला काय व्हायचं आहे.

परवा जेवून जरा आडवा झालो, उठलो तर ताट जागेवर नव्हतं. सुनेने सगळ्यांच्या भांड्यांत घेऊन घासलं होतं. फळीवर आमची ताटं ओळीने उभी होती, सगळी सारखीच. छगनचं कोणतं, ते मला शोधावं लागलं...