कुल्लूच्या रोपांचा शोध

बाबा फॅक्टरीतून रिटायर झाले तेव्हा मी जबलपूरच्याच एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते. आई जाऊन वर्ष झालं होतं. तिला रानातली रोपं आणून अंगणात लावायचं वेड होतं. म्हणून इथल्या झाडांवर संशोधन करणाऱ्या एका विद्यार्थ्याला दरवर्षी तिच्या नावानं मदत द्यायची, असं बाबांनी ठरवलं.

पहिल्या वर्षी माझी एक विद्यार्थिनी घरी आली. तिला भेडाघाटकडच्या खडकांवरच्या कुल्लूच्या, म्हणजे आपल्या कांडोळाच्या, झाडांचा अभ्यास करायचा होता.

बाबांनी विचारलं, "कितने पेड़ लगाओगी, बेटा?"

"एक भी नहीं, अंकलजी. पहले देखना है, छोटे पौधे क्यों नहीं दिखते."

ती गेल्यावर बाबा माझ्यावर घसरले. "झाड लावायचं नाही, तर पैसे काहून द्यायचे?"

"एकदा जाऊन तर बघा," मी म्हटलं.

एप्रिलात ती आम्हाला तिकडे घेऊन गेली. पांढऱ्या सालीची, निष्पर्ण झाडं उभी होती. डिंकासाठी घातलेले कुऱ्हाडीचे घाव बुंध्यांवर दिसत होते. तासभर शोधूनही रोप एकही सापडलं नाही. बाबांनी हौसेनं एक लाल फळ तोडलं आणि त्याची कुसं बोटांत घुसली. तिथंच दगडावर बसून तिनं चिमट्यानं एकेक कूस काढलं.

परतताना बाबा म्हणाले, "पोरगी बरोबर बोलून राहिली होती. सारे म्हातारेच उरले, लेकरू एक नाही."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी चेक दिला. मग दर रविवारी डबा घेऊन तेही तिच्याबरोबर निघायचे आणि टेपचं दुसरं टोक धरायचे. पावसाळ्यात बी रुजत होतं, पण कोवळी रोपं शेळ्या खात होत्या. तिनं काही जागांना काट्यांचं कुंपण घातलं. तिथली सात रोपं पुढच्या उन्हाळ्यातही तगली.

तिच्या सादरीकरणाला बाबा इस्त्रीचा शर्ट घालून मागच्या बाकावर बसले. परीक्षकांनी विचारलं, रोपं शेळ्याच खातात हे कशावरून? तिनं तोंड उघडायच्या आत बाबा उभे राहिले.

"मैंने भगाई हैं, सर. अपने हाथ से."

सगळे हसले. परीक्षकांनी त्यांना पुढे बोलावलं. बाबा दहा मिनिटं बोलत राहिले. ती शेजारी उभी होती, हसू दाबत. तिनं त्यांना एकदाही मध्ये थांबवलं नाही.