बोडीखालची बांधी

माझ्या आज्याचं नाव मला पोलीस ठाण्यातल्या कारकुनाच्या तोंडून कळलं. तोवर गोंदियाच्या धान बाजारात माझी स्वतःची आडत झाली होती, फुलचूरच्या रस्त्याला विटांचं घर झालं होतं आणि लोक मला सेठ म्हणू लागले होते. माय नवऱ्याचं नाव घेत नसे, सासऱ्याचं तर नाहीच. बापाचं नाव मला ठाऊक होतं, कारण गावात लोक त्याला हाका मारताना मी ऐकलं होतं. आजा माझ्या जन्माआधी गेला. त्याला हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं.

बाप महामारीत गेला, भर पावसाळ्यात. आमच्या गावी तेव्हा मातीच देत, जाळत नसत, आणि महामारीत तर घाईघाईनं. मी तापानं पडलो होतो, मला काही दाखवलं नाही. मायलाही नेलं नाही, बायका जात नसत. पुढच्या उन्हाळ्यात बापाच्या मोठ्या भावानं, म्हणजे आमच्या मोठ्या बापानं, आम्हाला सौंदडच्या स्टेशनावर आणून छोट्या लाइनच्या गाडीत बसवलं. सोबत तांदळाचं एक गाठोडं आणि पाण्याचा पितळेचा गडवा. शेत त्याच्याकडे राहिलं. गोंदियात मायनं बिड्या वळल्या, मी गिरणीत कोंडा झाडला. पुढं जे झालं ते माझ्या जिभेच्या आणि डोक्याच्या जोरावर झालं, त्यात कोणाचा हात नाही. मोठ्या बापाचा तर नाहीच.

मायचं मागणं साधं होतं. दर अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, ती पितरांची घागर भरायची आणि दरवेळी म्हणायची, "घरात पानी देऊन राहिली मी. त्यायच्या मातीवर एकदा द्याचं आहे." एका वर्षी तिला सुई ओवता येईना. तेव्हा ती म्हणाली, "बाबू, आता दिसते तंवर ने." मी हो म्हटलं.

आता बाजारातली एक रीत सांगतो. घ्यायचा माल असतो त्याच्याकडे पाहायचं नाही. दुसऱ्याच पोत्यात हात घालायचा, तिसऱ्याचा भाव विचारायचा, आणि उठता उठता सहज बोट दाखवून म्हणायचं, आणि हे कसं दिलं? शेतकऱ्याला तुमची गरज कळली की भाव चढलाच. या रीतीनं मी घर बांधलं. गावात शिरतानाही तीच रीत घेऊन शिरलो. वाटलं, बापाची माती शोधत आलोय हे मोठ्या बापाला कळलं तर तो मला नाक घासायला लावेल.

धानाचे पुंजणे रचून झाले होते तेव्हा गेलो. मोठा बाप ओसरीवर दोरी वळत बसला होता. पाठ वाकली होती, पण नजर तीच.

"कोन होय गा?"

"तुमचा पुतण्या. गोंदियाचा."

त्यानं दोरी खाली ठेवली नाही. "मोठा झाला म्हनते तू. बस."

मोठी माय, त्याची बायको, पाणी घेऊन आली, माझ्या तोंडाकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "नाक बापाचंच हाय." मोठ्या बापानं तिला आत जायला सांगितलं.

मी धानाबद्दल बोललो. पाण्याबद्दल बोललो. मग विचारलं, "बोडीखालची बांधी कशी आहे?" बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं, तिच्या खालच्या बांधीला, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेताला, कधी पाणी कमी पडत नाही. गावातली ती सगळ्यात चांगली जमीन, हे मला लहानपणापासून आठवत होतं.

"हाय चांगली. काऊन?"

"असंच. पटवाऱ्याकडं कोणाच्या नावानं आहे?"

त्याचे हात थांबले. "माह्या नावानं. काऊन?"

"असंच म्हटलं," मी म्हणालो आणि उठलो. वहाणा घालता घालता, अगदी सहज, "आणि बापाला माती कुठं दिली होती हो?"

"मसणात. सारे तेथीच जातेत."

मला वाटलं, जमलं. एवढ्या स्वस्तात माल मिळाल्याचा आनंदही झाला.

गावात एक निवृत्त गुरुजी होते. मालगुजारी गेल्यावर गावोगावी श्रमदानाचं वारं आलं तेव्हा त्यांनी एक मंडळ काढलं होतं. रस्ता, विहिरीचा ओटा, आणि मसणातलं रान काढणं हेही त्यांचं काम. दुसऱ्या मुलखात पोट भरायला गेलेले लोक परत येऊन आपल्या माणसाची माती विचारत, तेव्हा गुरुजी त्यांच्यासाठी म्हातारे गाठायचे, ठाण्यात जायचे. कोतवाल गावातला जन्ममृत्यू ठाण्यात लिहवून येत असे, त्यामुळे नोंद सापडायची. पैसे घेत नसत, पण बोलत फार. मला त्यांनी दोन कप गुळाच्या चहात अख्खा देश कसा सुधारेल ते सांगितलं.

त्यांची माणसं माझ्यासोबत मसणात उतरली. तरोटा आणि बोराटी कापून काढली. मातीच्या उशाला लावलेले गोटे दिसले, पण ज्याच्या त्याच्या घरचे लोक होतेच सांगायला, हा अमक्याचा, हा तमक्याचा. आमचा एकही नव्हता. मी मंडळाच्या माणसांवर चिडलो. त्यातला एक म्हणाला, "सेठ, आमी रान काढतो, मुडदे नाही." ते हसले. मी हसलो नाही.

मग गुरुजी मला ठाण्यात घेऊन गेले. बापाची नोंद निघाली. नाव, बापाचं नाव, जात, रोग. जागेचा रकानाच नव्हता. कारकुनानं आज्याचं नाव मोठ्यानं वाचलं, आणि मी त्याला ते पुन्हा वाचायला सांगितलं. परतताना पटवाऱ्याकडे शिरलो. कशाला? गुरुजींनीही तेच विचारलं. मी सांगितलं की मसणाची जुनी हद्द पाहायची आहे. तीही पाहिली. पण बोडीखालच्या बांधीचा कागदही काढून मागितला. जमीन मला नको होती. मात्र एक दिवस मोठ्या बापासमोर तो कागद ठेवावा, तो घाबरावा, आणि मी म्हणावं की नको तुमची जमीन, असं मला फार वाटत होतं. पटवाऱ्याच्या ओसरीवर तेव्हा अर्धं गाव बसलेलं होतं.

पाऊस लागल्यावर गुरुजी एकदा बाजाराच्या दिवशी गोंदियाला आले. छत्री मिटून माझ्या आडतीत बसले आणि लगेच बोलले नाहीत, तेव्हाच मी समजलो.

"मी तुमच्या मोठ्या बापाला विचारलं," ते म्हणाले. "सरळ विचारलं, भावाला कुठं पुरलं?"

"मग?"

"बोडीखालच्या बांधीत. धुऱ्याच्या कोपऱ्यात. तिथल्या मातीवर दरवर्षी अखजीला ते पाणी देत होते म्हणतात."

मला पहिला राग आला तो पाणी देण्याचा. ते पाणी आमचं होतं.

"होळीपर्यंत गोटा होता," गुरुजी पुढं म्हणाले. "तुम्ही पटवाऱ्याकडं गेलात. कोणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं, ज्याचं शेत त्यालाच त्या शेतात पुरतात. गोटा राहिला तर शेत भावाचं होतं हे कोर्टात दिसेल. त्यांनी गोटा काढला. मधला धुरा मोडला. दोन बांध्यांची एक केली."

मी गुरुजींवरच ओरडलो. आधी का नाही विचारलंत, म्हणालो. ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही मला मसणात नेलंत, शेठजी. बांधीचं तुम्ही मला कधी बोलला नाहीत." आणि छत्री उघडून निघून गेले. त्यांचा चहा तसाच राहिला.

मायला मी एवढंच सांगितलं की जागा सापडली. गोटा नाही, हे सांगितलं नाही. सौंदडहून खाचरात, म्हणजे बैलगाडीत, बसून आम्ही गेलो तेव्हा रोवणा जोरात होता. बायका रांगेनं वाकून धान लावत होत्या. एवढी मोठी बांधी मी त्या गावात पाहिली नव्हती. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाणी, मध्ये कुठं रेघ नाही.

मोठा बाप चिखलातून वर आला. मायनं पदर पुढं ओढला आणि पाठ फिरवली. तो तिचा भासरा, नवऱ्याचा मोठा भाऊ. त्याच्याशी ती सरळ कधीच बोलली नव्हती.

"बाबू," ती मला म्हणाली, "त्यायले विचार, कोठी होय ते दाखवा म्हना."

मी हे त्याला सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "गोटा उपटताना हात कसा झाला तुमचा?"

"तू कागद काढाले गेलता," तो म्हणाला. "मी काय पाहत बसू?"

"मी बापाची जागा शोधत होतो."

"मंग तसं म्हनाचं होतं. तू त आल्या आल्या बांधी विचारली. बाप त तुले जोडा घालताना आठवला."

रोवणाऱ्या बायका थांबल्या होत्या. मी काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. आम्हाला गाडीत बसवलं तिथपासून सगळं काढलं. तो ऐकत राहिला, आणि मधूनच म्हणाला, "तुह्या मायच्या भावानं मांगितलं होतं तुमाले, म्हनून धाडलं. तो दुसऱ्याच वर्सी मेला, त मी काय करू? मी बोलावनं धाडलं होतं. तुह्या मायले विचार."

मी मायकडे पाहिलं. तिनं मान हलवली. "आलतं," ती म्हणाली. "मीच नाही म्हटलं. तू गिरनीत लागला होता." मग पुन्हा, "बाबू, जागा विचार."

तेव्हा मोठी माय रांगेतून निघाली, पाण्यातून चालत गेली आणि एका ठिकाणी उभी राहिली. "येथी असन वो," ती मायला म्हणाली. मोठ्या बापानं काठी उचलून दुसरीकडे दाखवली, "नाही, तिकडं. धुरा तेथून जात होता." मग तो स्वतःच पुढे गेला, थांबला, मागे आला. त्याच्या तोंडावर जे आलं ते मला तेव्हा दिसलं नाही, कारण मला ते पाहायचं नव्हतं. त्यालाही सापडत नव्हतं.

मायच्या हातात गडवा होता. तिनं बांधीकडं पाहिलं, धानाच्या कोवळ्या शेंड्यांखाली सगळीकडं साचलेलं पाणी पाहिलं. "पान्यात काय पानी देऊ?" ती म्हणाली, आणि गडवा तसाच भरलेला घेऊन खाचरात येऊन बसली.

कापणी झाल्यावर मी एकटा गेलो. बांधी कोरडी होती. मोठ्या बापाला म्हटलं, मला जमीन नको, स्टॅम्पवर लिहून देतो, अंदाजानं का होईना एक गोटा लावू द्या. यापेक्षा सरळ मी आयुष्यात कोणाशी बोललो नव्हतो.

"आता खरं काय पायजे ते सांग," तो म्हणाला.

"हेच पाहिजे."

"हेच पायजे म्हनते," तो मोठ्या मायला म्हणाला. मग मला म्हणाला, "अंदाजानं गोटा गाडला त नांगर कोठून नेऊ? आन तो त्याच्यावरच असन कशावरून? मंग त्याच्या खऱ्या जागेवर पाय देत राहू?" त्याचं म्हणणं चूक नव्हतं. पुढच्याच वर्षी तो गेला. मी मातीला गेलो नाही. जायला हवं होतं असं आता वाटतं. पण तेव्हा माझी गाठ सुटली नव्हती, आणि आजही सगळी सुटली आहे असं मी म्हणणार नाही. त्यानं एकदा तरी गोंदियाला येऊन विचारायला काय हरकत होती?

माय त्यानंतर बांधीचं नाव काढेना. अखजीला घागर भरायची, पण ते वाक्य बोलायची नाही. तिला दिसेनासं झालं तेव्हा एका सकाळी मी अंगणात हिशेब करत बसलो होतो, ती भिंत धरून आली आणि म्हणाली, "मले माती नको देऊ. जाळजो."

"आपल्याकडे जाळत नाहीत, माय."

"गोंदियात जाळतेत. मी पाह्यलं."

मी म्हणालो, फुलचूरला मी तुझ्यासाठी जागा घेतो, चिरेबंदी करतो, उशाला नाव कोरतो. मी तिच्याशी दुपारपर्यंत वाद घातला. गोंदियात माझ्याशी वाद घालून जिंकलेला माणूस नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "जाळलं का कोनाले धुंडावं नाही लागत. तुह्या पोराले त नाहीच."

तिच्या शब्दाप्रमाणं केलं. राख वैनगंगेत सोडली. काठावर ब्राह्मणानं तिच्या सासऱ्याचं नाव विचारलं, आणि ते सांगता आलं.