कोपराच्या बाहेरचं हाड

घटस्थापनेच्या आधी घरातल्या सगळ्या गोधड्या धुवायच्या असतात, तशा त्या वर्षीही धुतल्या. सहा गोधड्या मी एकटीने पिळल्या. दोन दिवसांनी शाळेत फळ्यावर लिहिताना उजव्या कोपरात कळ आली आणि खडू हातातून पडला. पहिलीच्या वर्गाने तो उचलून दिला. परत पडला, परत दिला. त्यांना तो नवा खेळ वाटला.

मी शेणव्याजवळच्या प्राथमिक शाळेत शिकवते. घरी नवरा, मी आणि सासूबाई. भातशेती आहे, ती सासूबाईच बघतात. माझं माहेर मुरबाडकडे, धसईला.

आठवडाभर बाम चोळला. मग भाकरीचं पीठ मळता येईना, तेव्हा शहापूरला गेले. तिथल्या फिजिओथेरपिस्ट बाई माझ्याहून लहान होत्या. त्यांनी कोपराच्या बाहेरच्या बाजूला अंगठा दाबला आणि मी ओरडले.

"हेच," त्या समाधानाने म्हणाल्या. "इथे हाडाला उंचवटा असतो. मनगट वर उचलणारे स्नायू पुढे बोटांपर्यंत जातात, पण त्यांची मुळं सगळी या एवढ्याशा जागी चिकटलेली. गोधड्या पिळताना ताण सगळा इथे आला."

नेमकी जागा कळावी म्हणून त्यांनी तिथे निळ्या पेनाने फुली मारली, एक पट्टा दिला आणि व्यायाम शिकवला. हात टेबलावर ठेवायचा, मनगट कडेबाहेर, पंजा पालथा, मुठीत पाण्याची बाटली, आणि मनगट हळूहळू खाली सोडायचं. वर आणताना दुसऱ्या हाताने आधार द्यायचा.

घरी आले तर सासूबाई ओटीवर वाल सोलत होत्या. फुली बघून म्हणाल्या, "ह्ये काय गोंदून आलीस?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी वालाची परात बाजूला ठेवली आणि स्वतःच्या उजव्या कोपरावर त्याच जागी बोट दाबलं. चेहरा हलला नाही, पण डोळ्यांत पाणी आलं.

"माझं पण हितंच दुखतंय," त्या म्हणाल्या.

"कधीपासून?"

"तू आली नव्हतीस तवापासून. भात कापून कापून झालंय."

माझ्या लग्नाला तेव्हा नऊ वर्षं झाली होती. आता एक गोष्ट सांगायला हवी. या नऊ वर्षांत सासूबाईंनी मला प्रत्येक वस्तू डाव्या हाताने दिली होती. चहाचा कप, ताट, हळदीकुंकवाचं वाण, एकदा तर प्रसादसुद्धा. आमच्याकडे डाव्या हाताने देणं म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागत नाही. मी बोलले कधीच नाही, पण धसईला मात्र सगळं कळवलं होतं.

"म्हणून तुम्ही चहा डाव्या हातानं देता?" मी विचारलं.

"मंग? उजव्यात कप धरवत नाय. अंगावर सांडला असता तुझ्या."

"मला सांगायचं ना, आई."

"तू कुठं विचारलंस?" मग परात पुढे ओढत त्या म्हणाल्या, "तुला काय वाटलं व्हतं?"

"काही नाही," मी म्हणाले आणि वाल सोलायला बसले. सोलताना मला रडू आलं. कोपर दुखतंय म्हणून, असं मी त्यांना सांगितलं.

संध्याकाळी आईला फोन केला. तीही नऊ वर्षं माझ्या बाजूने रागावलेली होती. तिला डाव्या हाताचं खरं कारण सांगितलं. ती म्हणाली, "बरं. आणि बाकीचं?"

"बाकीचं तसंच आहे," मी म्हणाले.

पुढच्या खेपेला सासूबाईंना शहापूरला नेलं. फिजिओथेरपिस्ट बाईंनी त्यांचा हात तपासला आणि सांगितलं की जुनं दुखणं आहे, वेळ लागेल, यंदा भातकापणी करू नका. सासूबाईंनी मान हलवली. पाण्याची बाटली त्यांना पटली नाही, त्यांनी खलातला बत्ता घेतला. रोज संध्याकाळी आम्ही दोघी खाटेच्या कडेला हात ठेवून बसायचो, मी बाटली आणि त्या बत्ता घेऊन. नवरा आत पीठ मळायचा. त्याच्या भाकऱ्यांविषयी आम्ही काही बोलत नसू, फक्त आमटी जास्त वाढून घ्यायचो.

कापणीला सासूबाईंनी खरोखरच विळा धरला नाही. बांधावर बसून त्या सगळ्यांना कसं कापायचं ते सांगत राहिल्या, त्यामुळे त्या वर्षी मजूर लवकर निघून जात.

माझा हात तीन महिन्यांत बरा झाला. त्यांचा पूर्ण बरा झाला नाही, पण थंडी सरेपर्यंत त्या उजव्या हाताने भरलेला तांब्या उचलू लागल्या. फाल्गुनात एकदा मी वर्गात असताना फिजिओथेरपिस्ट बाईंचा फोन आला.

"मॅडम, तुमच्या सासूबाई आल्यात."

"आज तारीख नव्हती ना त्यांची?"

"स्वतःसाठी नाही आल्या. सोबत शेजारच्या चौघी आहेत. कोपरं दाबून बघितली म्हणतात त्यांनी सगळ्यांची, घरीच. आणि मॅडम, चौघींची जागा बरोबर आहे."

मागून सासूबाईंचा आवाज आला, "तिला सांगा, यायला टाइम लागंल. भात लावून ठेव म्हणावं."