मलय्याचा अंगठा

कोणतीही फिरती वस्तू हाती आली की मलय्या आधी तिच्यावर अंगठा टेकवी. मागाची बॉबिन असो की सायकलचं चाक, डोळे मिटून फिरू देई आणि म्हणे, "हिला कुटं दुखतंय, कळलं की." सोलापुरातल्या ज्या गिरणीत मी कारकून होतो, तिथे तो मागांचा फिटर होता. घरचा तेलुगू विणकर. अक्षरओळख नाही, पण ताठा असा की माझ्यासारख्या शिकलेल्यानं दबून राहावं.

आमच्या गोऱ्या साहेबाला मासेमारीचा नाद. गळाच्या काठीला लावायचं विलायती रीळ त्यानं मागवलं, पण गळ भिरकावला की दोरीचा गुंता ठरलेला. रीळ मलय्याकडे आलं. त्यानं चिकटलेलं तेल पुसलं, आसाच्या दोन्ही टोकांना एकेक थेंब नवं दिलं आणि रीळ सैल-घट्ट करणारा बाजूचा स्क्रू रतीरतीनं फिरवत बसला. दोरीच्या टोकाला बांधलेलं शिशाचं वजन सावकाश उतरून जमिनीला टेकलं अन् त्याच क्षणी रीळ थांबलं, तेव्हा कुठे त्यानं मान हलवली. "साहेब, आता स्क्रूला हात लावू नका. उरलेलं काम अंगठ्याचं. सूत आवळून जात न्हाय, सोडलं तर जातंय."

साहेबाला हे कुठलं पटायला! रविवारी हिप्परग्याच्या तलावावर, गुंता नको म्हणून त्यानं स्क्रू पिळून घट्ट केला. गळ पायाशीच डुबकन पडला आणि पाहुणे खो खो हसले.

सोमवारी हुकूम निघाला: रीळ आपण बिघडवलं असं मलय्यानं कबूल करावं, नाहीतर घरी बसावं. कबुलीजबाब मीच लिहिला. 'अंगठा माझ्यासमोर उठवला' म्हणून साक्षीदाराची सहीही आधीच ठोकून दिली. पदरी पाच पोरं असलेला माणूस नाही म्हणेल, असं मला वाटलंच नाही.

मलय्यानं मजकूर माझ्याकडून वाचून घेतला. मग साहेबाच्या टेबलावरची गळाची काठी उचलली, स्क्रू पूर्ववत केला आणि म्हणाला, "साहेब, भाईर चला की." पटांगणात, सारं खातं दारात उभं असताना, त्यानं काठी फिरवली. रिळावर अंगठा अलगद टेकलेला. दोरी सरसरत गेली, शिसं थेट फाटकापाशी पडलं. एक वेढासुद्धा गुंतला नाही.

साहेब लालबुंद होऊन कचेरीत परतला. "अंगूठा लगाव," एवढंच म्हणाला. मी शाई पुढे केली.

"ह्यो अंगठा खोटं बोलत न्हाय, साहेब." काठी माझ्या टेबलाला टेकवून मलय्या चालता झाला.

पुढे त्यानं घरीच हातमाग टाकला. हाल काढले, पण गिरणीची पायरी पुन्हा चढला नाही. परवा तो गेल्याचं कळलं तेव्हा जपून ठेवलेला तो कागद मी काढला. अंगठ्याची जागा अजून कोरी आहे. तिच्याखाली माझी सही आहे, वळणदार, आणि तिची मला लाज वाटते.